नऊ पायऱ्या

ऊन इतकं कडक होतं की दोरीवरची बाळाची दुपटी घटकाभरात वाळली, आणि त्याच दोरीखालून नदी वाहत होती.

निरोदाने दुपटी गोळा करून खांद्यावर टाकली आणि माचीच्या कडेशी उभं राहून खाली पाहिलं. परवापर्यंत खांबांवर उभ्या घराच्या पोटाखाली तिचा माग होता, डुकरांचं कुंपण होतं, सुपारीच्या बुंध्याशी बाळंतिणीचं पाणी तापवायची चूल होती. आता तिथे गढूळ पाणी खांबांना अंग घासत चाललं होतं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. वर डोंगरात तीन दिवस कोसळलेलं आज गावात उतरत होतं. पावसाबरोबर येणाऱ्या सुबनसिरी नदीला माणूस शिव्या तरी देतो. अशी उन्हात, न बोलता, पाहुणीसारखी पायरी पायरी चढून आली की तिला काय म्हणावं ते सुचत नाही.

शिडीच्या नऊ पायऱ्यांपैकी सात पाण्यात होत्या. सर्वांत वरच्या पायरीला नाव बांधली होती.

"थांबेल," आतून तिलोकचा आवाज आला.

तिचा नवरा सकाळपासून मधल्या खांबाशी उकिडवा बसला होता. बांबूच्या भुईतली एक फट त्याने बोटांनी रुंद केली होती आणि तिच्यातून खाली पाहत होता. न्याहारीची भाताची थाळी बाजूला तशीच पडली होती, तिच्यावर माशा बसल्या होत्या.

"किती राहिलं?" बोहागीने विचारलं. ती या घरातली थोरली लेक. धाकट्या भावजयीच्या बाळंतपणाला सुकी मासळी आणि दोन बदकं घेऊन चार दिवसांपूर्वी आली होती, आणि आल्यापासून कुठलीही गोष्ट तिला विचारल्याशिवाय होत नव्हती.

"वरच्या खुणेला चार बोटं."

"मग थांबेल. बाबांच्या खुणेच्या वर पाणी गेलंय का कधी? काय गं निरोदा?"

निरोदाने मधल्या खांबाकडे पाहिलं. त्या खांबावर सासऱ्यांनी आपल्या कोयत्याने सात खुणा कोरल्या होत्या, सात मोठ्या पुरांच्या. सर्वांत वरची तिलोक जन्मला त्या वर्षाची, आणि चव्वेचाळीस वर्षांत तिला पाणी शिवलं नव्हतं. सासऱ्यांच्या पेगू घराण्यात घर बांधायचा नियम एकच: वरच्या खुणेच्या हातभर वर भुई बांधायची. दोन वर्षांपूर्वी खांबांवरचं जुनं चांगघर उतरवून त्याच जागी नवं उभारलं, तेव्हा बाकीचे खांब बदलले. बाजारातून साल लाकडाचे आणले. हा नागचाफ्याचा मधला खांब तेवढा म्हातारीने, सासूने, बदलू दिला नाही. याला कुणी हात लावायचा नाही, म्हणाली होती. यात तुमच्या बापाचा हात आहे.

धाकटा दीर देबेन शिडीवरून वर आला. कमरेपर्यंत ओला होता आणि हातातला मोबाइल डोक्यावर धरला होता.

"दादा, निम्मं गाव नदीच्या उंच बांधावर पोचलं. आत्ता निघालो तर तासाभरात आपण पण पोचू. दुपारी ओढ वाढली की ही नाव माझ्याने आवरायची नाही. आणि पाण्याने भुई खालून उचलली की घर थांबत नाही, जागचं सुटतं."

"तू बस जरा. चहा घे."

"चहा? दादा, नऊ दिवसांचं पोर आहे घरात!"

"म्हणूनच म्हणतोय. नऊ दिवसांचं पोर उघड्या बांधावर, उन्हात नेऊन ठेवायचं? चव्वेचाळीस वर्षं ही खूण कोरडी आहे. बाबांनी एकदाही घर सोडलं नाही. बांधावर गेलेली माणसं परत येतात का? ताडपत्री टाकतात आणि तिथलीच होतात."

"तुला बांधाचं दुःख नाही दादा. मी म्हणतोय ना, म्हणून नको तुला."

"झालं सुरू," बोहागी म्हणाली.

गेल्या वर्षीच्या माघात याच चुलीशी हे भांडण जुंपलं होतं. देबेन सहा वर्षं केरळात राबून परत आला होता. शिडीखाली उभं राहून त्याने घराकडे पाहिलं आणि म्हणाला, दादा, घर बुटकं झालं रे. तिलोकला ते वर्मी लागलं. दूर देशी राहून तुझे डोळे बुटके झाले, तो म्हणाला. शब्दाने शब्द वाढला. देबेनने बांधापलीकडे विटांच्या दोन खोल्या बांधायचं काढलं, तेव्हा तिलोक म्हणाला होता, हे घर सोडेल तो माझा भाऊ नाही. त्यानंतर दोघे एका थाळीत जेवले नव्हते. देबेनच्या बायकोला, यामिकला, मुलगी झाली आणि त्या बाळाच्या निमित्ताने कुठे बोलायला लागले होते.

यामिक चुलीपलीकडे भिंतीला टेकून बसली होती. बाळ तिच्या पुढ्यात चटईवर झोपलं होतं, मुठी मिटून.

"जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही सांगा ना भाऊजींना. तुमचं ऐकतील."

"माझं?" निरोदा दुपटी घडी करू लागली. "मला विचारून पाणी येतं का?"

चुलीच्या उबेला बसलेल्या म्हातारीने मान वर केली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूस तिला सावलीसारखा दिसे. ती गुणगुणत होती, कुणाला ऐकवायला नाही, शेंगा सोलताना बायका गुणगुणतात तशी:

"नदी गं आली बाई, डोंगराच्या माहेराची,
मोजून नेली माझी, पायरी गं दाराची."

"आई, आता पायऱ्यांचं नको," तिलोक म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं? मी आपलं गाणं म्हणतेय."

"नव्या शिडीच्या पायऱ्या लांब लांब खोदल्यात. हजारदा सांगितलं तुला."

"सांगितलंस. मी नवरी होऊन आले तेव्हा अकरा चढले. तुला पोटात घेऊन अकरा चढले. तुझ्या बापाला खाली नेलं तेव्हा मागून अकरा उतरले. आता नऊ." तिने निखाऱ्यांवर काटकी सरकवली. "डोळे गेले बाबा माझे. पाय आहेत."

बोहागी हसली. गेली दोन वर्षं सगळेच हसत होते. शेजारणी मुद्दाम विचारत, किती पायऱ्या गं म्हातारे? आणि म्हातारी न चुकता सांगे, दोन चोरीला गेल्या.

तेवढ्यात तिलोक ताठ झाला.

"काय?" देबेन म्हणाला.

तिलोक खाली वाकला. त्याने फटीला डोळा लावला. मग हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि चाचपला. हात बाहेर काढला तेव्हा बोटांची टोकं ओली होती.

"लाट असेल," तो म्हणाला.

त्याने पुन्हा हात घातला. या वेळी बोटांबरोबर तळवाही ओला झाला.

"खुणेवर चढलं," तिलोक म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "ताई, खुणेवर चढलं."

"असं कसं चढेल?" बोहागी उठून आली. "नीट बघ. गाळ बसला असेल खुणेत."

"गाळ नाही. पाणीच आहे."

"पण पलीकडचं शिमुळाचं झाड अजून दिसतंय की!" बोहागी दाराकडे धावली. "तू जन्मलास त्या वर्षी त्याच्या ढोलीत पाणी शिरलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय, बाबांच्या खांद्यावर बसून. आज ढोली चांगली कोरडी आहे. मग ती खूण बुडेलच कशी?"

निरोदाच्या हातातलं दुपटं हातातच राहिलं.

तिला एकाएकी डोक्यावरचं टेंगूळ आठवलं. सत्तावीस वर्षं ती या घराखाली मागावर बसत आली होती. उठताना कधी वाकावं लागलं नव्हतं. या दोन वर्षांत मात्र रोज उठताना डोकं वरच्या वाशाला आपटायचं, आणि रोज ती स्वतःलाच वेंधळी म्हणायची. वय झालं, अंदाज चुकतो, म्हणायची. मग तिला घर उभारलं तो दिवस आठवला. सगळं गाव मदतीला आलं होतं, वीस-बावीस माणसं, आणि त्यांच्यासाठी तिने अंगणात मोठा हंडा चढवला होता. पहाटेच तिलोकने एक ओंडका आणून दिला होता. एका अंगाने भुसभुशीत, दुसऱ्या अंगाने लोखंडासारखा. चुलाण्यात मावतो का बघायला तिने त्यावर आपला हात ठेवून मोजला होता. कोपरापासून बोटांपर्यंत एक, आणि वर अर्धा. मावला होता. तासन्‌तास जळला. धुराला एक गोडसर वास होता.

आत्ता बोलले तर, तिला वाटलं, हा माणूस या घरात मान वर करून बसायचा नाही. धाकट्या भावासमोर, बहिणीसमोर, आईसमोर. तिने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. उन्हात रापलेली, पाण्याकडे वाकलेली पाठ. मग चटईवरच्या मुठींकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "घर उभारलं त्या दिवशी तुम्ही मला एक ओंडका दिला होता. हंड्याखाली घालायला."

"आता ओंडक्याचं काय काढलंयस?"

"नागचाफ्याचा होता."

"असेल."

"बाकीचे खांब सालाचे आणले आपण. नागचाफ्याचा घरात एकच आहे." तिने दुपटं खाली ठेवलं. "दीड हात होता. मी मोजला होता. कुठला होता तो?"

तिलोक वळला नाही. चुलीवर टांगलेल्या मासळीतून तेलाचा एक थेंब निखाऱ्यावर पडला आणि चर्रकन आवाज झाला. खाली पाणी खांबांशी बोलत होतं.

"तिलोक," म्हातारी म्हणाली. "खांबाला कुऱ्हाड लावलीस?"

"करवत," तिलोक म्हणाला. "कुऱ्हाड नाही आई. करवत."

"अगं बाई!" बोहागी म्हणाली.

"खालून कुजला होता. बुंध्याचा भुसा झाला होता नुसता. तुला सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस. नवा खांब घातला असता तर बाबांच्या खुणा गेल्या असत्या. म्हणून कुजकं तेवढं काढलं आणि राहिलेला गाडला. होता तेवढाच खोल गाडला, नीट मोजून. गावकरी यायच्या आत, पहाटेच. खुणांना धक्का लावला नाही. बाबांच्या सगळ्या खुणा तशाच आहेत आई, एकही..."

तो थांबला.

त्याला कळलं ते सगळ्यांना दिसलं. कुणीतरी पाठीमागून ढकलावं तसा तो एका हातावर पुढे झुकला आणि खांबाकडे पाहत राहिला.

"खुणा खाली आल्या," तो म्हणाला. "खुणा खाली आल्या आणि मी त्यांच्यावर घर बांधलं."

देबेन हसला.

"वा दादा! वर्षभर मला बुटक्या डोळ्यांचा म्हणालास. आईला चार माणसांत वेडी ठरवलंस. लेकरू घेऊन आम्ही इथे बसलोय कशाच्या भरवशावर, तर तू करवतीने कापलेल्या..."

"देबेन," यामिक म्हणाली. नऊ दिवसांत तिचा आवाज एवढा चढला नव्हता. "बांधावर जाऊन भांडा. तिथे जागा भरपूर आहे."

"मोज," म्हातारी म्हणाली.

"आई, आता मोजून काय..."

"मोज म्हणते ना. वरच्या खुणेपासून दीड हात वर. मला दिसत नाही, त्यांना दिसू दे."

तिलोकने फटीतून हात घालून पाण्याखालची खूण शोधली. तिथून भुईपर्यंत एक हात भरला. मग भुईपासून वर अर्धा. बोट तिथेच ठेवून दुसऱ्या हाताने त्याने चुलीतला विझका कोळसा घेतला आणि खांबावर रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

रेघ घराच्या आत होती. न्याहारीच्या थाळीच्या वर. म्हातारीच्या मांडीच्या वर. चटईवर झोपलेल्या बाळाच्या तर कितीतरी वर.

"तू जन्मलास तेव्हा पाणी तिथे होतं," म्हातारी म्हणाली. "आजचं अजून चढतंय."

यामिकने बाळ उचललं. त्या नवख्या आईने ते छातीशी असं धरलं की झोपेतच ते रडू लागलं, आणि त्या रडण्यानेच घरातली माणसं हलली.

"मी मघाशी काय म्हटलं ते विसरा," बोहागी कमरेला पदर खोचत म्हणाली. "थांबेल म्हणे! माझी जीभ कुणी बांधावरच ठेवून आलं असतं तर बरं झालं असतं. निरोदा, बियाण्याचं भात तेवढं घे, बाकी जाऊ दे. देबेन, उभा काय राहिलास? नाव जवळ ओढ."

देबेनने यामिकला आणि बाळाला उतरवलं. मग बोहागी. मग त्याने आणि निरोदाने म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरलं. शिडीशी येताच ती अडली. पायाने चाचपून तिने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"एक," ती म्हणाली. दुसऱ्या पायरीवर घोटा बुडाला. "दोन." मग पाणी आणि नाव. "बाकीच्या?"

"बाकीच्या पाण्यात आहेत आई."

"आहेत ना? मग ठीक."

निरोदा नावेत बसली आणि वर पाहिलं. तिलोक माचीवर उभा होता.

"मी थांबतो," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. छपराखाली माळा बांधतो. कुणीतरी घरात हवं."

त्याने निरोदाकडे पाहिलं नाही. ती समजली. आता तो कितीतरी दिवस पाहणार नव्हता. तिने फक्त नावेच्या कडेला बोटं रोवली.

देबेनने वल्हं उचललं आणि परत ठेवलं.

"दादा, हे घर सोडेल तो भाऊ नाही, तूच म्हणाला होतास ना?"

"म्हणालो होतो."

"मी तर सोडलं. भाऊ नाही राहिलो. तू पण सोड, म्हणजे दोघं सारखे होऊ. ये लवकर. एका वल्ह्याने ही म्हैस मला ओढवायची नाही."

तिलोकने वल्ह्याकडे पाहिलं. मग वळून आत गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बाळाची चटई होती, गुंडाळून काखेत धरलेली. तो दोन पायऱ्या उतरला आणि नावेच्या पुढच्या टोकाशी जाऊन दुसरं वल्हं घेतलं.

बांधाकडे जाताना कुणी मागे पाहिलं नाही, निरोदा सोडून. शेवग्याच्या फांद्या आणि सुपारीची खोडं यांमधून नाव चालली होती. त्यांचं घर पाण्यावर अलगद बसल्यासारखं दिसत होतं, अंड्यांवर कोंबडी बसते तसं. पाणी भुईला लागलं होतं. मग माचीची एक कड वर उचलली गेली, सावकाश, आणि खाली गेलीच नाही. आवाज आला नाही. एवढं मोठं घर, आणि आवाज आला नाही. दोरी मात्र अजून ताणलेली होती, आणि तिच्यावर एक दुपटं विसरलेलं होतं.

तिलोकचं वल्हं पाण्यात थांबलं. त्याने मान वळवली नव्हती. बायकोचा चेहरा पाहूनच त्याला कळलं. देबेनही थांबला. धार नावेला तिरकं नेऊ लागली तरी दोघे भाऊ तसेच बसून राहिले.

"निरोदा," म्हातारी म्हणाली.

"काय आई?"

"त्या ओंडक्यावर काय रांधलंस त्या दिवशी?"

निरोदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने म्हातारीच्या पांढुरक्या डोळ्यांत पाहिलं.

"भात. आणि बांबूचे कोंब घालून डुकराचं मटण."

"कोण कोण जेवलं?"

"सगळेच. अख्खं गाव. ताई पण आल्या होत्या."

"मी जेवले?"

"हो आई."

"किती?"

निरोदाने पुढच्या टोकाकडे पाहिलं. तिलोकचे खांदे कान देऊन ऐकत होते.

"तुम्ही दोनदा मागून घेतलं होतंत," ती म्हणाली. "शेवटी म्हणालात, आज धुराला नागचाफ्याचा वास आहे गं, तुझ्या सासऱ्याची आठवण आली. आणि अजून एक वाटी भाताची आपोंग प्यायला मागितलीत."

म्हातारी पाण्यात हात सोडून बसली. बोटांमधून नदी जात होती, उन्हाने कोमट झालेली.

"म्हणजे वास आला होता मला," ती म्हणाली. मग हात बाहेर काढून म्हणाली, "वल्हव रे तिलोक. पोरीच्या तोंडावर ऊन येतंय."

तिलोकने वल्हं पाण्यात घातलं.